आपला डावा, कॉम्प्युटरचा डावा

रस्त्यात समोरून कुणी आलं की लोक तोंडाकडे बघतात. सूनबाई आधी खाली बघायची. लग्न होऊन नवी आली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोर लाजाळू दिसते, मान वर करत नाही. पुढे तिचं तोंड उघडल्यावर त्यांचा तो गैरसमज फिटला. तिच्या मान खाली घालण्यात लाजेचा भाग काहीच नव्हता. ती लोकांची पावलं बघत होती, कारण ज्या घरात ती पडली होती त्या घराचं पोट पावलांवर चालायचं.

सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून ती साऱ्या गल्लीची सूनबाई झाली. वर घर, खाली दुकान. दुकानात बूट मिळत, पण कुठल्याही दुकानात मिळणारे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच आत वळलेली, ज्यांची बोटं एकमेकांवर चढून बसलेली, अशांचे बूट तिथे होत. देवानं माणसाला पावलं दोन दिली, पण दोन्ही सारखीच देईन असा शब्द काही त्यानं कुणाला दिलेला नाही. सूनबाई हे गिऱ्हाइकालाही सांगायची. लाजत लाजत मोजा काढणारा माणूस ते ऐकून जरा सैल व्हायचा.

सासऱ्यांच्या काळी दुकानाची एक अख्खी भिंत लाकडी साच्यांनी भरलेली होती. साचा म्हणजे गिऱ्हाइकाचं हुबेहूब लाकडी पाऊल. त्याच्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. पुढे एक कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं साचे कोरणारं मशीन, त्याच्यासोबतचा कॉम्प्युटर आणि एक काचेची पेटी असा संसार दुकानात आला. नवरा हातानं शिवणारा, तो त्या वाटेला गेला नाही. सासरे कॉम्प्युटरला ‘डबा’ म्हणत आणि त्याच्याकडे पाठ करून बसत. उरली सूनबाई. तिनं देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं आणि शिकली. चुकत शिकली, पण असं शिकली की वर्ष सरायच्या आत तिनं सासऱ्यांपुढे विषय काढला.

“बाबा, ही भिंत रिकामी करू या. जागा नाही, वाळवी लागते, आणि पावलं सगळी आता कॉम्प्युटरात आहेत. लागेल तेव्हा साचा पुन्हा कोरता येतो.”

“लाकूड खोटं बोलत नाही, सूनबाई. डब्याचा काय भरवसा?”

“डब्याचा नका ठेवू. माझा ठेवा.”

सासऱ्यांनी ठेवला. कुरकुरत ठेवला, पण भिंत रिकामी झाली. एकच फळी त्यांनी हट्टानं तशीच राहू दिली, रिकामीच.

आता काचेच्या पेटीचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच निघालं. गिऱ्हाइकानं पेटीच्या काचेवर अनवाणी उभं राहायचं आणि पेटीच्या आतल्या कॅमेऱ्यानं खालून तळवे टिपायचे. खालून बघितल्यावर डावा पाय उजवीकडे दिसतो, उजवा डावीकडे. हे पहिल्या दिवसांत सूनबाईच्या ध्यानात आलं नाही. पडद्यावर जो डावीकडे दिसला त्याला तिनं ‘डावा’ नाव दिलं. मशीनही साचा उलटा, तळवा वर करून कोरायचं, त्यामुळे पाऊल निघायचं ते अगदी बरोबर. फक्त नावं उलटी. सासऱ्यांनी पहिला साचा हातात घेतला आणि म्हणाले, “डाव्या नावाचा उजवा. वा, सूनबाई. शाळेत कवायतीला तुम्ही कुठे वळायचात?”

ती नावं बदलायला निघाली तर नवरा म्हणाला, “राहू दे. मी नावाकडे थोडाच बघतो? पाऊल बघतो.”

मग राहिलं. एकदा राहिलं ते रोजचंच झालं. या घरात दोन डावे झाले, एक आपला आणि एक कॉम्प्युटरचा. कुणाची चप्पल पलंगाखाली हरवली तरी सासरे विचारत, “कुठली, डावी? आपली डावी की कॉम्प्युटरची?”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टपालवाली जिन्यावरून पडली.

टपालवाली म्हणजे त्या भागात घरोघर टपाल टाकणारी बाई. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड, बाहेरच्या अंगाला सुपारीएवढं हाड आलेलं. पण या दुकानाचा बूट घातला की ती अशी चालायची की कुत्री तिच्या मागे लागायचा कंटाळा करत. नेमका त्याच पायाचा घोटा मोडला. दवाखान्यात बूट कापूनच काढावा लागला आणि पाय प्लास्टरात गेला. तिच्या साहेबांनी प्रेमानंच सांगितलं होतं, प्लास्टर निघाल्यावर चालून दाखव. जमलं नाही तर आत टेबलावर बस, पत्रं निवडायची. दुसरी कुणी खूश झाली असती. टपालवालीनं प्लास्टर निघायला तीन दिवस उरले असताना सूनबाईला फोन केला.

“टेबलावर बसले तर मी मरेन गं. डॉक्टर म्हणतात, पहिलं पाऊल टाकायचं ते नीट बुटातच, नाहीतर घोटा पुन्हा वळेल. पाय तर पांढऱ्या चुन्यात आहे. मोजणार कशी तू?”

“मोजायचं कशाला? तुझं पाऊल आहे माझ्याकडे. प्लास्टर निघेल त्या सकाळी बूट तयार असेल.”

फोन ठेवून तिनं कॉम्प्युटर चालू केला. तो चालू झाला, थोडा वेळ घुरघुरला आणि काळा पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नवऱ्याच्या हातातली चामड्याला भोकं पाडायची आरी थांबली. सासऱ्यांनी फक्त त्या रिकाम्या फळीकडे एकदा पाहिलं. बोलले असते तर परवडलं असतं.

सूनबाईनं तोंड धुतलं, देवापुढे हात जोडले. काही मागितलं नाही. देवाला काय सगळं ठाऊकच असतं, उगाच त्याला कामं कशाला सांगा, असं तिचं मत. मग तिनं नणंदेला फोन लावला.

नणंद त्याच शहरात एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम बघायची. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा कॉम्प्युटर गाडीत घालून आली. वयानं सूनबाईपेक्षा लहान, पण सूनबाई तिला वन्सं म्हणे ती म्हणेच.

“वहिनी, हा डबा अजून जिवंत आहे? आमच्याकडे असे कॉम्प्युटर शोभेला ठेवतात.”

“वन्सं, माहेरच्या वस्तूला नावं ठेवू नयेत. आधी बघा तरी.”

नणंदेनं झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी. फुंकर मारली, हात लावला, चटका बसला. “तापतोय. आतला पंखा गेलाय. म्हातारा माणूस समज. जिना चढवायचा तर थांबवत थांबवत न्यावा लागेल. जरा वेळ चालवू, काही फाइली काढून घेऊ, बंद करू, गार होऊ देऊ. मग पुन्हा.”

“आणि प्रोग्राम? तोच इकडे घालता येईल ना?”

“नाही येणार. हा बघ.” तिनं कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला बोटभर ठोकळा दाखवला. “ही त्याची किल्ली. ही लावल्याशिवाय तो प्रोग्राम उघडत नाही, आणि नव्या कॉम्प्युटरला ही खोचायला भोकच नाही. पण त्याच लोकांचा नवा प्रोग्राम निघालाय, तो जुन्या फाइली वाचतो. मशीनशीही बोलतो. मी घेऊन आलेय.”

“म्हणजे घर नवं, माणसं जुनी.”

“माणसं पोचली तर.”

फाइली निघायला लागल्या. टेबलावरचा पंखा उघड्या कॉम्प्युटरसमोर ठेवला, तरी तो दमायचाच. नणंद म्हणाली, वरूनही वारा हवा. तेव्हा कोपऱ्यातून सासरे उठले. बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, स्टूल ओढलं आणि ज्याच्याकडे इतकी वर्षं पाठ करून बसले त्या डब्याला वारा घालायला लागले. कुणी हसलं नाही. नवरा खाली बघून हसला, पण तो हिशेबात धरायला नको.

“बाबा, हात दुखेल,” सूनबाई म्हणाली.

“दुखू दे. तुझ्या शब्दाला वारा घालतोय, डब्याला नाही.”

दुपारपर्यंत सगळी पावलं नव्या कॉम्प्युटरात आली. एकही मागे राहिलं नाही. नणंदेनं जुन्याची फाइल आणि नव्याची फाइल ताडून पाहिली आणि हात झटकले. “आता एक उघडून बघू. कुणाची उघडू?”

“बाबांची उघडा. पाऊल समोरच आहे, हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

सासऱ्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर तरुणपणी हातोडा पडलेला, तो कायमचा वाकडा. नव्या पडद्यावर पावलं उमटली, गोल फिरली, सुरेख दिसली. सासरे चष्मा पुसून जवळ आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

“माझा अंगठा इकडून तिकडे कधी गेला?”

पडद्यावर वाकडा अंगठा डाव्या पायाला होता. नणंद गोंधळली. सूनबाईनं मात्र कपाळावर हात मारून घेतला. जुना प्रोग्राम भोळा होता, नाव काय दिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नवा शहाणा. ‘डावा’ असं नाव आणि आकार उजव्याचा दिसला की तो म्हणे, फोटो उलटा आलाय, मी सरळ करतो. नावावर विश्वास ठेवून त्यानं साऱ्या गावाचे पाय अदलाबदल करून ठेवले होते.

“वन्सं, आमच्याकडे कॉम्प्युटरचा डावा म्हणजे आपला उजवा.”

“काय?”

तिला सगळं समजावून सांगितलं. नणंद खुर्चीत मागे टेकली. “इतकी वर्षं? आणि कुणी मला सांगितलं नाही?”

“घरातल्या माणसाला काय सांगायचं? वाटलं, ठाऊक असेल.”

“सोपं आहे मग. एका दमात सगळ्यांची नावं बदलते. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं.” तिनं काहीतरी लिहिलं, एक कळ दाबली. सासऱ्यांचा अंगठा आपल्या जागी परत आला. त्यांनी तो खाली हलवूनही बघितला.

सूनबाईला बळ आलं. तिनं टपालवालीची फाइल काढली, मशीनमध्ये लाकूड लावलं आणि कोरायला सोडलं. संध्याकाळी दोन्ही साचे बाहेर पडले, गुळगुळीत, लाकडाच्या वासाचे. नवऱ्यानं ते सकाळसाठी बाकावर शेजारी शेजारी मांडले.

सकाळी सूनबाई चहा घेऊन खाली आली. नवरा चामड्यावर खडूनं रेघ मारत होता, आरी घ्यायला हात पुढे केला होता. नणंदेनं रजाच टाकली होती. ती चहाचा कप घेऊन जिन्यावर बसली. सूनबाई बाकापाशी थांबली. हातातला कप तसाच राहिला.

“अहो, थांबा. आरी लावू नका.”

“का?”

“ही आपली टपालवाली नाही. ही आरशातली टपालवाली आहे.”

आखूड पाऊल उजवं होतं. सुपारीएवढं हाड उजव्याच्या बाहेरच्या अंगाला. सूनबाईच्या डोळ्यांपुढे दुकानाची पायरी आली. टपालवाली पायरी चढताना नेहमी उजवा पाय आधी टाकी आणि डावा मागून ओढून घेई. आखूड डावाच. यात फरक नाही.

नणंदेचा चेहरा उतरला. “म्हणजे फाइली बिघडल्या. म्हातारा मध्येच बंद पडत होता ना, तेव्हा काही झालं असेल. वहिनी, मग कुठल्याच फाइलीचा भरवसा नाही.”

हे वाक्य दुकानात पडलं आणि तिथेच राहिलं. प्लास्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. लाकूड आणखी एकाच जोडीपुरतं होतं. त्या एका भिंतीवर कधीकाळी सगळी पावलं उभी होती, ती सूनबाईनं उतरवली होती. सासरे तिच्याकडे बघत होते, पण त्यांच्या नजरेत टोमणा नव्हता. तिला तेच जास्त लागलं.

तिनं साचा मांडीवर घेतला. अंगठ्यानं ते हाड चाचपलं, टाचेची खोलगट जागा चाचपली. उंची बरोबर, उतार बरोबर, हाड जिथे हवं तिथेच. फक्त बाजू उलटी.

“बिघडलेली नाही,” ती म्हणाली. “बिघडलेली वस्तू इतकी नीट उलटी होत नाही. बाबांचा पाय सरळ झाला आणि हिचा उलटा झाला, म्हणजे हिचं नाव आधी उलटं नव्हतंच. वन्सं, ही फाइल कधीची आहे?”

नणंदेनं पाहून सांगितलं.

“तेव्हा तर मी माहेरी होते. आईचं आजारपण निघालं होतं, चांगले दोन-तीन महिने अडकले होते. इथे कॉम्प्युटरवर कोण बसत होतं?”

कॉम्प्युटरपाशी गेलेल्या नणंदेनं मान वळवली. “मी.”

“आणि तुम्ही डाव्याला काय म्हणालात?”

“डावा म्हणाले, वहिनी. डाव्याला दुसरं काय म्हणणार?”

सासऱ्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग खोकला लागला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “पोरी, सगळं घर एका सुरात चुकत असताना तू एकटीच बरोबर वागलीस. असं वागू नये गं.”

“मला काय स्वप्न पडलं होतं?” नणंद फणकारली. “दादा, तू शेजारीच होतास. तू तरी सांगायचंस.”

“मी नावाकडे बघत नाही,” नवरा म्हणाला. “पाऊल बघतो.”

“मग काल संध्याकाळी का नाही बघितलंस?”

नवऱ्यानं खडू खाली ठेवला आणि चहा प्यायला लागला.

नणंद कामाला लागली. त्या महिन्यांतल्या फाइली तारखांवरून वेगळ्या काढल्या आणि तेवढ्यांचीच नावं पुन्हा पूर्ववत केली. सूनबाई एकेक पाऊल पडद्यावर उघडून बघत होती. हा बेकरीवाला, टाच उजवी दुखते, बरोबर. ही दवाखान्यातली नर्स, दोन्ही सपाट, हिला काय डावं आणि काय उजवं. हे शाळेचे मास्तर, बरोबर. शेवटी टपालवाली उघडली. हाड डावीकडे आलं.

“आता लावू लाकूड?” नवऱ्यानं विचारलं.

“थांबा.” तिनं फोन उचलला. “मला पक्कं माहीत आहे, तरी विचारते. लाकूड एकाच जोडीचं आहे.”

पलीकडून टपालवाली म्हणाली, “कुठला पाय म्हणजे? साऱ्या गावाची पावलं आहेत ना तुझ्याकडे? मग मला कशाला विचारतेस?”

“अगं, सांग ना.”

“डावा.”

“आपला डावा?”

“माझा डावा. तुझा डावा मला काय करायचाय?”

फोन ठेवताना सूनबाई हसत होती.

मशीन दुपारभर घरघरत राहिलं. या वेळी साचे निघाले तसे चौघांनी हातात घेऊन पाहिले, सासऱ्यांनी तर डोळे मिटून. मग नवरा बसला. त्याचा हात एकदा लागला की त्याला हाक मारायची नाही, हा घरचा नियम. सूनबाईनं आतून एक जादा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तळ कापून ठेवला. प्लास्टरमध्ये पाय वाळतो, सुरुवातीला बूट ढिला व्हायचा, मांस भरलं की तळ काढून टाकायचा. हे कुठल्याच फाइलीत नसतं. मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटचा टाका पडला.

टपालवाली दवाखान्यातून थेट आली, भावाच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उडत. तिचा डावा पाय वाळलेल्या फांदीसारखा दिसत होता. सूनबाई खाली बसली, मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. सुरकुती कुठे पडते का ते बघितलं. मग भावाला म्हणाली, “तुम्ही जरा बाजूला व्हा.”

“पडले तर?” टपालवाली म्हणाली.

“पडशील तर माझ्या अंगावर पडशील. ऊठ.”

टपालवाली उभी राहिली. थोडा वेळ ती नुसतीच उभी होती, जणू कुणीतरी नाव घेऊन बोलावण्याची वाट बघत असावी. मग तिनं पाऊल टाकलं. दाराबाहेर पडली, भिंतीला हात न लावता. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेली, वळली आणि परत आली. लंगडत आली, पण ते तिचं नेहमीचंच लंगडणं होतं. पायरीवर तिनं उजवा पाय आधी टाकला आणि डावा मागून ओढून घेतला.

“साहेबांना सांग,” सूनबाई म्हणाली, “टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा.”

टपालवालीनं सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला. खाली बसलेल्या माणसाचं तेवढंच हाताशी येतं.

नणंद परत निघाली तेव्हा जुना कॉम्प्युटर गाडीत घालायला उचलला. आमच्या कचेरीत अशा वस्तू मोडीत नेणारा येतो, म्हणाली. सासऱ्यांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. घामाघूम झाले, पण स्वतःच त्या रिकाम्या फळीवर चढवला आणि वर फडकं टाकलं.

“बाबा, तो आता चालायचा नाही.”

“न चालणाऱ्यांचंच दुकान आहे आपलं,” सासरे म्हणाले.

त्या दिवसापासून सूनबाईनं नवी शिस्त लावली. डाव्याला डावा, उजव्याला उजवा. वाटतं तितकं सोपं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप उलटा जायचा. पहिलं गिऱ्हाईक पेटीवर उभं राहिलं, पडद्यावर तळवे उमटले आणि तिची बोटं कळांवर थबकली. कोपऱ्यातून, पाठ न करता, सासऱ्यांनी विचारलं, “कुठला, सूनबाई? आपला की कॉम्प्युटरचा?”

“आता एकच आहे, बाबा,” ती म्हणाली, आणि तरीही एकदा वाकून गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघून घेतलं.